दोन चमचे साखर

लॅपटॉपवर अख्खा कप चहा उलटला तेव्हा मी सगळ्यात आधी टेबल पुसलं. टेबल! सनमायक्यावर डाग पडेल म्हणून. लहानपणापासूनचं वळण, दुसरं काय. गाळणीतून निसटलेला आल्याचा एक तंतू 'एंटर'च्या बटणाला चिकटलेला दिसला आणि बाकीचा चहा फटींतून आत चाललेला. मग कुठे चार्जर उपटला आणि पॉवरचं बटण दाबून धरलं. रीतसर 'शट डाउन' करत बसायची ही वेळ नव्हे, एवढं तरी सुचलं.

लॅपटॉप उघडून टॉवेलवर तंबूसारखा उपडा घातला. थेंब थेंब गळत राहिला बिचारा.

"तांदळाच्या डब्यात घाल," आई म्हणाली. तिचा फोन एकदा बादलीत पडला होता आणि तांदळात ठेवून वाचला होता. (त्या तांदळाचा पुढे भातही झाला.) खरं तर नुसता खिडकीत ठेवला असता तरी तो तितकाच वाळला असता. तांदूळ आतलं पाणी ओढून घेत नाही, उलट त्याची भुकटीच भोकांत शिरते. पण वाचलेला फोन समोर असताना हे तिला सांगणार कोण? "मावणार नाही गं डब्यात," म्हणून सुटले. मग ती हेअर ड्रायर घेऊन आली. गरम वाऱ्याने पाणी आणखी आत जातं म्हटल्यावर "कर मग तुझं तू," म्हणून निघून गेली.

दुपारी पुण्यातली तापकीर गल्ली गाठली, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची. दुरुस्तीवाल्या दादांनी मान वर न करता विचारलं, "साखरेचा की बिनसाखरेचा?" क्षणभर मला वाटलं, चहा मागवताहेत.

"साखरेचा. दोन चमचे."

"मग धुवावा लागणार."

स्क्रू काढून त्यांनी आधी बॅटरीची पिन सोडवली. लॅपटॉप बंद असला तरी बॅटरीतून आतल्या सर्किट बोर्डावर थोडी वीज येतच असते. आतला पांढरा स्टिकर लालभडक झाला होता. तो ओल लागल्याची चहाडी करायलाच बसवलेला असतो, म्हणजे वॉरंटी गेली. बोर्डावर तपकिरी, चिकट साय. साखर स्वतः वीज वाहून नेत नाही म्हणे, पण ओल धरून ठेवते. आणि त्या ओलीत दुधाचे क्षार असले की तांबं हिरवं पडायला लागतं. दादांनी आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे झटकन उडून जाणारं सफाईचं द्रव, ओतलं आणि जुन्या टूथब्रशने बोर्ड घासायला घेतला. आई चांदीची निरांजनं घासते, अगदी तसा.

तिसऱ्या दिवशी लॅपटॉप सुरू झाला. कीबोर्ड मात्र बदलायला हवा, पण त्याची किंमत ऐकून मी तूर्तास थांबले आहे. मी मराठी टाइप करते त्या इन्स्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत ल आणि ळ ज्या बटणावर असतात ते अजून चिकटतं आणि एकदा दाबलं की दोनदा उमटतं. 'काल' लिहिलं की 'कालल' होतं. 'ललित' लिहिताना मात्र एका दाबात काम होतं.