गाडी सकयल्यान पळोवपाची

गेले दोन महिने फोंड्याच्या आमच्या घरात जेवताना गाडीशिवाय विषय नाही. मुलाला नवीकोरी हवी. मला जुनी चालेल, पण जरा ऐसपैस. बायकोचं म्हणणं एवढंच, की चवथीआधी काहीही आणा, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मांडवीचं) सामान मी पुन्हा स्कूटरवरून आणणार नाही. मागच्या वर्षी एक तोरिंजन, म्हणजे पपनस, पिशवीतून निसटून खांडेपारच्या उतारावर आमच्या पुढे धावलं होतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा मुलगा जिंकल्यात जमा होता. पण शोरूममध्ये रोड टॅक्स, नोंदणी, तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा असं एकेक चढत गेलं आणि त्याचाही आवाज उतरला. मग सगळ्यात स्वस्त मॉडेल पाहिलं. मागच्या काचा हाताने फिरवायच्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, पण घरात मत एकच धरतात, तेही माझं नव्हे.

उरली जुनी. एक अगदी चकचकीत दाखवली. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची गाडी, आता पाटी पांढरी करून विकायला काढलेली. पन्नास पर्यटकांनी पन्नास तऱ्हांनी तिचा क्लच दाबलेला असणार. दुसरीला आतून वास येत होता. गाडी तपासायला नेलेल्या मेस्त्रीने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर टोकाला चिखलाची रेघ. पुराच्या पाण्यात बुडालेली! गालिचा धुता येतो, पण गुंडाळलेला पट्टा कुणी धूत नाही.

"बाब, गाडी वयल्यान न्हय, सकयल्यान पळोवपाची," मेस्त्री म्हणाला. म्हणजे वरून नव्हे, खालून पाहायची. आमच्याकडे मीटरवरच्या किलोमीटरांपेक्षा गंज खरं वय सांगतो. किनाऱ्यावरचा खारा वारा, फेरीच्या धक्क्यावरचं खारं पाणी आणि चार महिन्यांचा पाऊस, सगळं पत्र्यालाच खातं.

काल एका निवृत्त मास्तरांची गाडी पाहिली. नऊ वर्षांची, म्हणजे १५ वर्षांच्या नोंदणीतली सहा शिल्लक. मास्तरांनी सर्व्हिसच्या पावत्या तारीखवार टाचून ठेवलेल्या, मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३० सुद्धा भरून तयार. मेस्त्री खाली शिरला, स्क्रूड्रायव्हरने ठोकत राहिला. बराच वेळ नुसती ठकठक. बाहेर आला आणि मास्तरांकडे चहा मागितला.

मुलगा टचस्क्रीन शोधत होता. बायकोने डिकी उघडली, वितीने मोजली आणि म्हणाली, "नारळाच्या दोन पेंडी आरामात बसतील."