पिल्लू माझ्याकडे होतं

हे लिहायला दोन महिन्यांत तीनदा घेतलं आणि तीनदा सोडलं. मागच्या आठवड्यात एका रेंजरने फोटो पाठवला आणि सगळं परत डोक्यात सुरू झालं, म्हणून आज एका बैठकीत लिहून टाकतेय.

मी पशुवैद्य. शिरवळला शिकले, मग काही वर्षं जुन्नर भागात बिबट्यांच्या कामात होते, विहिरीत पडलेले, फासकीत अडकलेले. सध्या केनियात त्सावोमध्ये आहे, शिकायला. इथे जंगली जनावराला भुलीच्या औषधाचा डार्ट मारायचा तो परवानगी असलेल्या पशुवैद्यानेच, त्यामुळे मी मदतनीस. औषधाच्या नोंदी, घड्याळ, श्वास मोजणं, फोटो. बहुतेक दिवस गाडीतच जातात, लाल धुळीत. त्सावो ईस्ट आणि वेस्ट ही दोन राष्ट्रीय उद्यानं मिळून २०,००० चौरस किलोमीटरच्या वर आहे, मधून नैरोबी-मोंबासा रस्ता आणि रेल्वे जाते, भोवती गुरांची मोठमोठी रानं आणि घायपाताचे मळे. कोणी सांगतं जखमी जनावर दिसलं, आपण दोन तास हाणत जायचं, आणि ते तिथे नसतं. हेच जास्त वेळा होतं.

ऑगस्टमधली गोष्ट. सकाळी निरोप आला की रानात एक जिराफाची मादी मागचा डावा पाय टेकत नाहीये, सोबत पिल्लू आहे. निरोप दिला गुरं राखणाऱ्या एका पोराने, सात-आठ किलोमीटर चालत गेट गाठून. नंतर कळलं की पर्यटकांच्या एका गाडीने हीच मादी चार दिवस आधी पाहिली होती, फोटो काढले होते, पायातली फासकीची तार स्पष्ट दिसत होती, खाली रडके चेहरे टाकले होते, पण गेटवर सांगितलं नाही. चार दिवसांत तार किती आत जाते हे त्यांना कळावं अशी माझी फार इच्छा आहे.

फासकी म्हणजे आपल्याकडे कोकणात डुकरांसाठी लावतात तीच. तीच क्लचची नाहीतर ब्रेकची वायर, तीच सरकगाठ. रत्नागिरीकडचा बिबट्या काय आणि त्सावोतला जिराफ काय, ज्याच्यासाठी लावलेली नसते तो अडकतो. केनियात १९७७ पासून शिकारीवर बंदी आहे, पण दुष्काळात मटण परवडत नाही आणि रानात डिकडिक फिरत असतं, एवढुसं हरीण, आपल्या शेळीपेक्षाही लहान. फासकी लावणाऱ्याचा राग येतो, पण त्याचं घर पाहिलं की तो राग तेवढा राहत नाही. मसाई जिराफ मात्र २०१९ पासून धोक्यात असलेल्यांच्या यादीत आहे, त्यामुळे एकेक मादी मोजून आहे.

आता जिराफाला भूल देणं म्हणजे काय हे जरा नीट सांगते, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं डार्ट मारला, झोपला, काम केलं, उठवला. बिबट्याचं साधारण तसंच असतं, झायलाझिन-केटामिन द्या, पंधरा मिनिटं गप्प बसा. जिराफाला तसं केलं तर मरतो. औषध असतं एटॉर्फिन, मॉर्फिनच्या हजारपटीहून जास्त ताकदीचं, माणसाच्या अंगात चुकून थोडं गेलं तरी जीव जाऊ शकतो, म्हणून डार्ट भरताना हातमोजे, शेजारी पाणी, आणि माणसासाठीचा उतारा भरून दुसऱ्याच्या हातात. जिराफाला ते मुद्दाम जास्तच द्यायचं. कमी दिलं तर तो पडत नाही, मान वर करून पाय उचलत नुसता पळत सुटतो आणि पळून पळूनच तापतो, स्नायू जळतात. आणि जास्त दिलं की श्वास मंदावतो, त्यात एवढी लांब श्वासनळी, रवंथाचं पाणी घशात येऊन फुफ्फुसात जायची भीती वेगळीच. म्हणून जिराफ पडला रे पडला की लगेच, हत्याराला हात लावायच्या आधी, शिरेतून उतारा द्यायचा, एटॉर्फिनच्या तिप्पट डायप्रेनॉर्फिन. म्हणजे पुढचं सगळं काम जागं जनावर धरून करायचं असतं!

धरायचं कसं, तर मानेवर बसून. जिराफ उठताना मान मागे घेऊन पुढे झोकतो आणि त्या झोक्यावर अंग उचलतो. मान जमिनीला दाबून ठेवली की आठशे किलोच्या जनावराला उठता येत नाही. डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे, मानेवर तीन माणसं, श्वासनळीवर भार न देता. मला हे इतकं आवडतं ना, कोणीतरी कधीतरी पहिल्यांदा हे शोधून काढलं असेल.

तर पिल्लू. दोन-तीन महिन्यांचं असावं. डॉक्टर निघायच्या आधी म्हणाले, "तिच्याकडे आम्ही बघतो. पिल्लू तुझं. नजर हलवायची नाही, आणि दोन्ही कुशींचे फोटो." जिराफाच्या अंगावरची नक्षी जन्मभर तीच राहते आणि एकाची दुसऱ्याला नसते, त्यामुळे कुशीचा फोटो म्हणजे ओळखपत्र. मला एक रेंजर दिला, मला दुसऱ्या गाडीच्या टपावर बसवलं, दुर्बीण, कॅमेरा, वॉकीटॉकी.

अकराच्या आत डार्ट बसला, १२ मिलिग्रॅम, उजव्या मांडीत. पाचव्या मिनिटाला तिची मान आकाशाकडे गेली आणि ती तीन पायांवर ती विचित्र उंच पावलं टाकत धावायला लागली. पोरांनी दोर घेऊन तिच्या पुढून धाव घेतली. पिल्लू पन्नासेक पावलं मागे येत होतं, मधेच थांबायचं, परत यायचं. मी फोटो काढत होते पण मधे ती काटेरी झुडपं, गुग्गुळाच्या कुळातली, पानं गळलेली तरी सगळं झाकणारी. म्हटलं थोडं उघड्यावर येऊ दे, मग काढू.

मादी पडली. उतारा गेला. आणि मानेवरचा एक पोरगा खाली घसरला, तिने झटका दिला आणि डोकं उठलं. "किच्वा! किच्वा!" ओरडा झाला, किच्वा म्हणजे डोकं. तिने ती मान एकदा आपटली असती तर तिचा जबडा तुटला असता नाहीतर एखाद्या माणसाची बरगडी. मी टपावरून उडी मारली आणि पळाले. माझ्यासोबतचा रेंजरही माझ्यामागे पळाला.

त्यानंतरची चौदा मिनिटं मला पावला-पावलाने आठवतात. मी डोक्याजवळ बसले, गुडघा जमिनीवर, पोटाने मान दाबलेली. माझ्या छातीखालून हवा जाताना घर्र घर्र कळत होतं आणि मी मोठ्याने मोजत होते. पट्टीच्या कडेतून तिच्या पापण्यांचे केस माझ्या मनगटाला लागत होते, बोटाएवढे लांब, प्रत्येक उघडझापीला. तिकडे डॉक्टर पायाशी. तार खुराच्या वरच्या सांध्याखाली पूर्ण आत गेलेली, वरून कातडी वाढलेली, त्यामुळे आधी चिरून वाट करावी लागली. वास इतका की पाय धरलेल्या पोराने तोंड फिरवलं. कटर लावला तर चालेना, पाती बोथट. मला या गोष्टीचा अजून संताप येतो, देणगीत ड्रोन मिळतो, टी-शर्ट मिळतात, कटरची नवी पाती मागून सहा महिने झाले. शेवटी डॉक्टरांनी एकेक पदर वेगळा करून तोडला, चार मिनिटं जास्त गेली. अळ्या काढल्या, धुतलं, आयोडिन, निळा स्प्रे, जास्त दिवस टिकणारं अँटिबायोटिक, वेदनेचं इंजेक्शन. हाड शाबूत होतं. डॉक्टरांनी सांध्यावर बोट फिरवून "शाबूत आहे" म्हटलं तेव्हा मानेवरची आम्ही तिघंही एकदम हसलो.

मग एक, दोन, तीन, सगळे एकाच वेळी बाजूला. तिने दोन झोके घेतले आणि उभी राहिली. पाय टेकला. पूर्ण नाही, पण टेकला.

आणि मग तिने मागे वळून बघितलं, आणि मीही बघितलं, आणि तिथे कोणी नव्हतं.

संध्याकाळपर्यंत शोधलं. खुरांचे ठसे शंभरेक मीटर मिळाले, मग खडकाळ जमीन लागली. अंधार पडल्यावर गाडीतून उतरायचं नाही हा नियम आहे आणि तो बरोबर आहे, तिथे सिंह आहेत. सकाळी परत गेलो. मादीही तिथे नव्हती.

डॉक्टर मला काही बोलले नाहीत. उलट म्हणाले, तू आली नसतीस तर आई गेली असती, आणि आईशिवाय ते पिल्लू तसंही गेलं असतं. सगळ्यांनी हेच सांगितलं. पण मी तो क्षण इतक्या वेळा परत बघितलाय. माझ्याशेजारी रेंजर होता, माझ्यापेक्षा तीस किलोने जड, माझ्यापेक्षा जास्त वेळा मानेवर बसलेला. "तू जा" एवढे दोन शब्द मी बोलायला हवे होते. तो गेला असता, मी टपावर राहिले असते, मादीही वाचली असती आणि पिल्लू कुठल्या दिशेने गेलं ते कोणाला तरी माहीत असतं. मी ते बोलले नाही कारण मला तिथे जायचं होतं. आदल्या दोन जिराफांच्या वेळी मी लांबून नोंदीच करत होते, मला मानेवर बसायचं होतं. घाईत सुचलं नाही असं मी आईला फोनवर सांगितलं. पण सुचलं होतं.

जिराफाचं पंधरा महिन्यांचं गर्भारपण असतं. हे मी त्या रात्री उगाच मोजत बसले होते.

आता रेंजरने पाठवलेला तो फोटो. ती मादी आहे, नक्की तीच, तिच्या उजव्या कुशीचा फोटो आमच्याकडे आहे आणि मांडीवरचा पानासारखा डाग जुळतो. पाय चारही टेकलेले, डाव्या पायाला वर गाठ आलीये. पाच जणांच्या कळपात आहे, त्यात दोन पिल्लं. एक तिच्या बऱ्यापैकी जवळ, पण जिराफाच्या माद्या पिल्लं एकत्र ठेवतात, त्यामुळे जवळ असण्याला काही अर्थ नाही. मी त्या पिल्लाची नक्षी मोठी करून करून पाहिली. जुळवायची कशाशी? त्या दिवशीचे माझ्या कॅमेऱ्यात त्याचे तीनच फोटो आहेत. दोन धुळीत गेलेले. तिसऱ्यात झुडपाच्या वर दोन कान आणि शिंगांच्या टोकांवरचे काळे गोंडे, खाली सगळ्या काटक्या.

रेंजरला मेसेज केलाय, परत दिसली तर थांब जरा, कुठलं पिल्लू तिला पितं ते बघ. त्याचं लगेच उत्तर आलं, "सावा, दक्तारी." म्हणजे बरं, डॉक्टर. त्याला नऊ दिवस झाले, रोज सकाळी आधी तोच मेसेज उघडते.