पंखाच्या कडेवरचा भोवरा

विमानाच्या पंखासाठी शिकलेले स्थिर प्रवाहाचे गणित माशीच्या पंखाला लावून पाहिले, तेव्हा तिचे वजन पेलण्याइतके उत्थापक बल हिशेबात येईना, आणि तेव्हापासून या विषयाने मला धरून ठेवले आहे. फळमाशी सेकंदाला सुमारे २०० वेळा पंख हलवते. तिचा रेनॉल्ड्स अंक (प्रवाहात चिकटपणाच्या तुलनेत जडत्वाचा प्रभाव किती हे सांगणारा अंक) शंभरीच्या आसपास असल्याने हवेचा चिकटपणा नगण्य मानता येत नाही. समोरून येणाऱ्या हवेशी मोठा कोन करून फिरणाऱ्या पंखाच्या पुढच्या कडेवर हवेचा भोवरा तयार होतो, आणि तो पंखाला बिलगून असेपर्यंत पंखावरचा दाब कमी राहून जास्तीचे उत्थापक बल मिळते. सरळ रेषेत जाणाऱ्या पंखावरून असा भोवरा लवकरच सुटतो. खांद्याभोवती फिरणाऱ्या पंखावर मात्र तो टिकतो.

१९९९ मध्ये जीवशास्त्रज्ञ मायकेल डिकिन्सन आणि सहकाऱ्यांनी तेलात बुडवलेल्या मोठ्या यांत्रिक पंखांवरील बले मोजली. (दाट तेलात संथ हलणाऱ्या मोठ्या पंखाचा रेनॉल्ड्स अंक माशीइतकाच ठेवता येतो.) त्यांतील मला सर्वांत विलक्षण वाटणारा निष्कर्ष असा, की दिशा बदलताना पंख स्वतःच्याच मागच्या फटक्याने ढवळलेल्या हवेला भिडतो आणि तिच्यातील ऊर्जेचा काही भाग परत मिळवतो.