बंगळूरमध्ये ताजी बिअर चाखताना

मिरजेत बिअर म्हटलं की गारेगार बाटलीतली लागर, म्हणजे नेहमीची सोनेरी बिअर. "कुठली आणू?" याचा अर्थ कंपनी कुठली, एवढाच. त्यामुळे राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बंगळूरला मामेभावाकडे जाताना ठरवलंच होतं, या खेपेला जिथे बनते तिथेच बसून बिअर प्यायची.

इंदिरानगरच्या १०० फुटी रस्त्यावर 'टॉइट' हा जागेवरच बिअर बनवणारा पब आहे. गाडी घरीच ठेवून मेट्रोने गेलो. मोठा ग्लास मागवणार तोच भाऊ म्हणाला, "दादा, आधी सॅम्पलर घे. सगळ्या चाखून बघ, मग ग्लास सांग." लहान लहान ग्लासांचा ट्रे आला. त्यानेच क्रम लावून दिला, फिकटपासून गडदकडे. जड, भाजक्या चवीची आधी घेतली की हलकीची चवच कळत नाही. सोबत पाणी आणि साधे शेंगदाणे. मसालेदार काही नंतर मागवायचं, हे त्याने बजावूनच सांगितलं.

सुरुवात 'बासमती ब्लाँड'ने. तांदूळ घातल्याने ती अंगाने हलकी, जिभेवर रेंगाळत नाही. मग 'टिनटिन टॉइट', बेल्जियन पद्धतीची गव्हाची, दिसायला गढूळ. या प्रकारात धने आणि संत्र्याची साल घालतात. धन्याचा वास ओळखीचा, पण बिअरमध्ये तो असा भेटेल असं वाटलं नव्हतं.

मी खरा थांबलो तो 'टॉइट वाइस'वर. नाकाशी नेली तर चक्क पिकलेलं केळं, मागून लवंग. यात केळंही नसतं आणि लवंगही. जर्मन पद्धतीच्या या गव्हाच्या बिअरसाठी वापरतात ते यीस्टच आंबताना हे वास तयार करतं. फार गार असताना वास दबलेला होता. ग्लास तळहातात धरून थोडा वेळ ठेवला, तसा खुलत गेला. बाटली बर्फात बुडवून ठेवायची आपली सवय लागरला ठीक आहे, इथे ती चवीचं नुकसान करते, असं माझं स्पष्ट मत झालं. शेवटी स्टाउट ही गडद बिअर घेतली. भाजलेल्या बार्लीमुळे काळी, आणि नायट्रोजनमुळे फेस सायीइतका दाट.

दुसऱ्या संध्याकाळी मॅग्रथ रोडवर 'आर्बर'ला गेलो. या ब्रूअरीचं मूळ अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बरचं. 'बँगलोर ब्लिस' ही इथली गव्हाची बिअर. आदल्या दिवशीच्या चवी मोबाइलवर टिपून ठेवल्या होत्या, त्यामुळे ताडून बघता आलं. 'रेजिंग एलिफंट' ही आयपीए (इंडिया पेल एल, भरपूर हॉप्स घातलेली बिअर) मात्र मुद्दाम शेवटी घेतली. हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा, कडवटपणा जिभेवरून लवकर उतरत नाही, त्यानंतर दुसरं काही चाखण्यात अर्थ नसतो.

मित्रांसाठी एखादी बाटली भरून न्यावी असं फार वाटलं. पण परराज्यातली दारू महाराष्ट्रात आणायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी लागते, नाहीतर १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली सरळ गुन्हा होतो. शिवाय अशी ताजी बिअर सहसा पाश्चराइज केलेली नसते. रात्रभराच्या गाडीत तिची रया जाणार. म्हणून मित्रांना सांगून टाकलंय, तिकिटं काढा, आपणच तिकडे जाऊ.