रेडच्या आधी कॅन

आज प्रॅक्टिसच्या आधी दोघं-तिघं पोरं कोपऱ्यावरच्या दुकानातनं एनर्जी ड्रिंकचे कॅन घेऊन ग्राउंडवर आली, रविवारी खानापूरला कबड्डीची मॅच आहे ना. एकजण म्हणतोय, 'सर, ह्यानं डोकं लई फास्ट चालतंय.' तसं वाटतं हे खरंच आहे, अर्ध्या-पाऊण तासात त्यातलं कॅफीन रक्तात चढतं, लक्ष लागतं, रिअ‍ॅक्शनपण जरा लवकर येते. पण होतंय काय, तर दिवसभर मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं आणि तेच झोप आणतं, कॅफीन त्याच्या जागा धरून बसतं, बेळगाव-खानापूर बसमध्ये रुमाल टाकून सीट धरतात तसं. थकवा आहे तिथंच असतो, फक्त कळत नाही.

आणि जास्त झालं की हात थरथरतात, छाती धडधडते. आज एक चांगला रेडर (चढाई करणारा) बोनस गुणाला नुसती घाई करत होता, डिफेंडर कुठं सरकतोय ते बघायलाच तयार नाही. तीस सेकंदाची रेड, त्यात डोकं थंड पाहिजे की!

'बंदी नाही की सर' म्हणतात. बरोबर, २००४ पासून कॅफीन वाडाच्या, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या, बंदीच्या यादीत नाही. पण त्यावरचं बहुतेक संशोधन वयानं मोठ्या खेळाडूंवर झालंय. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ साली लहान मुलांसाठी दिवसाला वजनाच्या किलोमागं ३ मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन ठीक म्हटलंय, म्हणजे ४५ किलोच्या पोराला १३५. एका २५० मिलिच्या कॅनमध्ये साधारण ७५ असतं, दोन कॅन प्यालं की संपलं, घरचा चहा वेगळाच. आपल्याकडं तर मुलांनी पिऊ नये असं कॅनवरच छापलेलं असतंय, बारीक अक्षरात, कोण वाचतंय.

मला खरी काळजी झोपेची वाटते. संध्याकाळी सहाला प्यालेल्यातलं निम्मं रात्री अकरापर्यंत अंगात असतं, आणि ह्या वयात आठ ते दहा तास झोप लागते. मी शिकवलेला डॉज (हुलकावणी), टो-टच (पायाच्या बोटानं शिवणं), सगळं मेंदूत पक्कं बसायला झोप पाहिजे. ती गेली तर आजची प्रॅक्टिस अर्धी वाया, आणि दुसऱ्या दिवशी जड डोकं घेऊन पोरगं परत कॅन शोधणार.

शनिवारी चारलाच सोडणार सगळ्यांना. त्या रेडरच्या आईला उद्या फोन करायचाय, रात्री अभ्यासाला बसला की त्याला मोठा कप चहा देतात, तेवढं बंद करा म्हणून सांगतो.