चेटकिणीचे घर आणि सुंठीचा वास

आमच्या न्यू जर्सीच्या घरी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात दरवर्षी एक घर बांधले जाते आणि पुढच्या काही दिवसांत ते खाल्लेही जाते. जिंजरब्रेडचे, म्हणजे सुंठीच्या मसालेदार बिस्किटाचे घर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर नाताळ, आयसिंगचा पांढरा बर्फ आणि रंगीबेरंगी गोळ्या येतात. आम्ही मात्र ते हॅलोविनसाठी, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या भुताखेतांच्या सणासाठी करतो आणि ते भुताटकीचेच असते. यात परंपरा मोडली असे मला वाटत नाही, कारण ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापलेल्या हान्सेल आणि ग्रेटेलच्या गोष्टीतले खाण्याजोगे घर चेटकिणीचे होते, भुकेल्या पोरांना भुलवण्यासाठी बांधलेले. मूळ गोष्टीत भिंती पावाच्या, छप्पर केकचे आणि खिडक्या साखरेच्या आहेत. जर्मनीत पूर्वापार होणारे लेबकुखन नावाचे मसालेदार बिस्कीट त्या भिंतींच्या जागी पुढे आले.

पहिल्या वर्षी माझी मोठी फजिती झाली. पडके घरच तर दाखवायचे आहे, मग भिंती वाकड्यातिकड्या झाल्या म्हणून काय बिघडते, अशा समजुतीने मी नेहमीच्या बिस्किटांचेच पीठ मळले. त्यात बेकिंग सोडा होता. ओव्हनमध्ये भिंती फुगल्या, पसरल्या, त्यांच्या कडा गोलसर झाल्या आणि दोन भिंती एकमेकींना नीट टेकेनात. छप्पर ठेवल्यावर पाच-दहा मिनिटांत ते शांतपणे घसरून ओट्यावर आले. त्या दिवशी मला कळले की घर मोडकळीला आलेले दिसायला हवे असेल, तर ते आधी भक्कम उभे राहिले पाहिजे आणि त्याचा वाकडेपणा पट्टी घेऊन आखला पाहिजे. आता मी पुठ्ठ्याचे साचे कापून, चिकटपट्टीने जोडून घर आधी उभे करून बघते. धुराडे कललेले, खिडक्या तिरप्या, छपराची एक बाजू इंचभर खाली उतरलेली असते. पण जिथे भिंत भिंतीला चिकटणार असते तिथली प्रत्येक कड सरळच ठेवते.

पिठाचे माझे प्रमाण असे: ६०० ग्रॅम मैदा, १७० ग्रॅम लोणी, १६० ग्रॅम ब्राउन शुगर, ३२० ग्रॅम मोलॅसिस, चिमूटभर मीठ, दोन चमचे सुंठ, दोन चमचे दालचिनीची पूड आणि थोडी लवंग व जायफळ. सोडा किंवा बेकिंग पावडर अजिबात नको. लोणी, साखर आणि मोलॅसिस मंद आचेवर एकजीव करून मैद्यात ओतायचे आणि पीठ कोमट असतानाच लाटायचे. गार झाले की ते चिरते. मोलॅसिस म्हणजे आपली मळी. सांगलीकडच्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यात लहानपण गेल्यामुळे मळी हा शब्द माझ्यासाठी टँकरशी आणि आसवनीच्या वासाशी जोडलेला होता, तो पदार्थ बरणीत भरून दुकानात विकतात हे पचायला मला वेळ लागला. मुंबईत राहणाऱ्या माझ्या बहिणीने त्याऐवजी काकवी वापरली. चव सौम्य झाली आणि रंग फिका आला, पण भिंती उत्तम निघाल्या. तिची अडचण पुढे आली: गूळ-साखर हवेतले पाणी ओढून घेते, त्यामुळे उघड्यावर ठेवलेले घर दुसऱ्या दिवशी सकाळी मऊ पडले होते. दमट हवेच्या गावी सुटे भाग घट्ट डब्यात ठेवून सजावटीच्या दिवशीच बाहेर काढावेत.

पीठ बेकिंगच्या कागदावरच पाव इंच जाडीचे लाटावे, साचे ठेवून कापावे आणि आकार न हलवता भोवतालचे जास्तीचे पीठ उचलून घ्यावे; कापलेला तुकडा उचलून ट्रेवर ठेवायला गेले की तो ताणला जातो. मी १७५ अंश सेल्सियसवर साधारण पंधरा मिनिटे, म्हणजे खाण्याच्या बिस्किटापेक्षा थोडे जास्तच भाजते, आणि तुकडे गरम असतानाच पुन्हा साचा ठेवून कडा सुरीने नीट करते. खिडक्यांच्या भोकांत पिवळ्या कडक गोळ्यांचा चुरा भरून ट्रे शेवटची चार-पाच मिनिटे परत आत ठेवला की साखर वितळून काच तयार होते. ती पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नये. वितळलेली साखर उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी गरम असते.

सगळ्यात जास्त लक्ष आयसिंगकडे द्यावे लागते, कारण हाच आपला चुना आणि हेच सिमेंट. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग मी टाळते. ४५० ग्रॅम आयसिंग शुगर, तीन टेबलचमचे मेरिंग पावडर (अंड्याच्या वाळवलेल्या पांढऱ्या भागाची पूड) आणि पाच टेबलचमचे कोमट पाणी फेटून घेते. भांड्याला तुपाचा ओशटपणा राहिला तर ते फुगत नाही, म्हणून दिवाळीच्या फराळाचे भांडे इथे वापरू नये. पाकाची तार बघतो तशीच याचीही परीक्षा असते: चमचा वर उचलल्यावर उभे राहिलेले टोक वाकले नाही, तर ते भिंती जोडण्याजोगे झाले. कोळ्याची जाळी काढायला ते थोडे सैल करावे. काळा रंग आदल्या रात्रीच मिसळावा, कारण मिसळताना करडा वाटणारा रंग सकाळपर्यंत आपोआप गडद होतो. ऐनवेळी घाईने रंग ओतत राहिले तर आयसिंग कडवट होते आणि सगळ्यांचे दात काळे होतात. अर्थात मुलांना तेच हवे असते.

चारही भिंती डाळींच्या डब्यांचा आधार देऊन उभ्या कराव्यात आणि रात्रभर तशाच सोडाव्यात. छप्पर दुसऱ्या दिवशी. या एका रात्रीचा धीर धरला असता, तर पहिल्या वर्षीचे निम्मे रडगाणे टळले असते.

सजावटीत हात आखडता घ्यावा. डोळे, कवट्या आणि वटवाघळे यांची गर्दी झाली की घर भेसूर दिसण्याऐवजी गोंडस दिसते. आमच्या छपरावर बदामाच्या कापांची कौले असतात आणि त्यातली काही मुद्दाम गळालेली ठेवतो. ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून आणलेली तिळाची चिक्की फोडली की दगडी पायऱ्या होतात, आणि कोरड्याच भाजलेल्या शेवया अंगणात विस्कटल्या की हुबेहूब वाळलेले गवत. आत बॅटरीवरचा छोटा दिवा ठेवण्यासाठी मागच्या भिंतीला मोठे भोक राखावे.

२०२४ साली ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी आली आणि आई आमच्याकडे होती. भिंती भाजताना ती स्वयंपाकघरात आली नि म्हणाली, "अगं, हा तर सुंठवड्याचा वास. रामनवमी आहे की काय?" मग चष्मा लावून तिने बांधकाम तपासले आणि किल्ल्यावरचा मातीचा मावळा दारात उभा कर, असे नातीला सुचवले. मुलीने तो उभा केलाही. संध्याकाळी हॅलोविनच्या गोळ्या मागायला दारावर टकटक करत येणाऱ्या पोरांना उंबऱ्याशी पणती, खिडकीत पिवळ्या उजेडाचे काळे घर आणि त्याच्या दारात तलवार उपसलेला पहारेकरी दिसत होता.

भाऊबिजेला मुलीने लाटणे घेऊन ते फोडले. धुराडे इतके कडक झाले होते की ते दाताने तुटेना. आईने तो तुकडा चहात बुडवला आणि दुसरा कप मागितला.