कुंभार्ली घाट उतरून पोस्टग्रेस १६ पर्यंत

रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी शंभरी ओलांडलेले एक सार्वजनिक वाचनालय आहे. त्याचा डेटाबेस नव्या यंत्रावर हलवण्यासाठी मी गेल्या डिसेंबरात पुण्याहून चार दिवसांसाठी गेलो होतो. लहान संस्थांमधील अशा कामांविषयी मराठीत फारसे लिहिलेले आढळत नाही. शिवाय या कामात मला एक असा दोष सापडला, जो अनेक ठिकाणी आजही कोणाच्या लक्षात न येता दडलेला असू शकतो. म्हणून हा वृत्तांत सविस्तर लिहीत आहे.

परिस्थिती अशी होती. सुमारे सव्वा लाख पुस्तकांची यादी, सभासदांची नोंद आणि देवघेव हे सारे पोस्टग्रेस या डेटाबेस-प्रणालीच्या दहाव्या आवृत्तीवर चालत होते. त्या आवृत्तीची अधिकृत देखभाल १० नोव्हेंबर २०२२ रोजी संपली आहे. यंत्रावर उबुंटू २०.०४ होते आणि त्याचाही सर्वसाधारण पाठिंबा २०२५ च्या मे महिन्यात संपला. वाचनालयाने १६ जीबी मेमरीचे आणि एसएसडी असलेले नवे यंत्र घेतले होते. त्यावर उबुंटू २४.०४ आणि त्यासोबत येणारी पोस्टग्रेसची सोळावी आवृत्ती बसवायची, असे ठरले. त्या वेळी अठरावी आवृत्ती उपलब्ध होती, तरीही मी सोळावी निवडली. ज्या संस्थेत संगणकासाठी पूर्णवेळ माणूस नाही, तिथे डेटाबेसची सुरक्षा-अद्ययावते ऑपरेटिंग सिस्टीमच्या नेहमीच्या अद्ययावतांबरोबर आपोआप येणे हे नव्या सोयींपेक्षा मला महत्त्वाचे वाटते.

शनिवारी पहाटे निघून साताऱ्यामार्गे उंब्रज, तिथून पाटण, कोयनानगर आणि पुढे कुंभार्ली घाट असा रस्ता धरला. वाचनालयातील इंटरनेट मंद असल्याची कल्पना ग्रंथपाल मॅडमनी आधीच दिली होती. त्यामुळे पोस्टग्रेसचा सर्व्हर, क्लायंट, त्यांच्या सोबतीची सामायिक साधने आणि एलएलव्हीएमचे वजनदार पॅकेज हे सर्व मी पुण्यातच, कोऱ्या उबुंटू २४.०४ वर बसवून पाहून, पेनड्राइव्हवर घेतले होते. पॅकेज उतरवताना ते ज्यांवर अवलंबून असते ती पॅकेजेही सोबत उतरली आहेत ना, याची खात्री इंटरनेट तोडलेल्या यंत्रावर एकदा पूर्ण स्थापना करूनच होते. नुसती यादी पाहून होत नाही. पोस्टग्रेसची अधिकृत माहितीपुस्तिका, एक रिकामी बाह्य डिस्क आणि दोन लॅन केबलीही सोबत होत्या. घाटात माझ्या फोनची रेंज गेली ती पुढे बराच वेळ आली नाही, तेव्हा ही तयारी केल्याचे समाधान वाटले.

डेबियन आणि उबुंटूवर पोस्टग्रेसभोवती जी साधने मिळतात, ती ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ जण उगाच त्रास काढतात. पीजी_एलएसक्लस्टर्स ही आज्ञा यंत्रावरील सर्व क्लस्टर (एका सर्व्हरखाली चालणारे डेटाबेसांचे संच), त्यांच्या आवृत्त्या, पोर्ट आणि विदाफोल्डर (डेटाच्या फाइली असतात ते) एका दृष्टिक्षेपात दाखवते. कोठेही गेल्यावर मी पहिली आज्ञा हीच देतो. पीजी_क्रिएटक्लस्टर नवा क्लस्टर उभारते, पीजी_ड्रॉपक्लस्टर तो काढून टाकते, आणि पीजी_अपग्रेडक्लस्टर एकाच यंत्रावर जुन्या आवृत्तीतून नव्या आवृत्तीत नेण्याचे काम करते. येथे नवख्यांची एक हमखास अडचण होते. नव्या आवृत्तीचे पॅकेज बसवताच ‘मेन’ नावाचा एक रिकामा क्लस्टर आपोआप तयार होतो आणि ५४३२ हे पोर्ट अडलेले असेल तर तो ५४३३ वर जाऊन बसतो. तो रिकामा क्लस्टर आधी काढल्याशिवाय अपग्रेडची आज्ञा पुढे सरकत नाही. मात्र तो काढताना आवृत्तीचा आकडा दोनदा वाचावा, कारण सोळाच्या जागी दहा लिहिले गेले तर जुनी विदाच नाहीशी होईल.

पीजी_अपग्रेडक्लस्टर काही न सांगता चालवले, तर ते डम्प (साऱ्या विदेची फाइलीतील प्रत) काढून नव्या क्लस्टरमध्ये भरते. ‘अपग्रेड’ पद्धत सांगितली तर ते पीजी_अपग्रेड वापरते, आणि त्याला ‘लिंक’चा पर्याय दिला तर फाइलींची नक्कल न करता हार्ड लिंक (त्याच फाइलीला दुसरे नाव) जोडून काही मिनिटांत काम संपवते. हा वेग मोहात पाडणारा आहे. परंतु लिंक पद्धतीने जोडलेला नवा क्लस्टर एकदा सुरू झाला, की जुना क्लस्टर सुरक्षितपणे सुरू करता येत नाही, कारण दोघांच्या फाइली त्याच असतात. शेकडो जीबींची विदा आणि तासाभराचीही विश्रांती न परवडणारा व्यवसाय असेल तर ही पद्धत योग्य आहे. वाचनालयाची विदा मुखपृष्ठांच्या चित्रांसह ९ जीबी होती आणि सोमवारी साप्ताहिक सुटी होती. त्यामुळे मी दोन यंत्रांमध्ये डम्प आणि रीस्टोअर हाच मार्ग घेतला. जुने यंत्र जसेच्या तसे उभे राहिले की परतीचा रस्ता मोकळा राहतो, एवढाच त्यामागे विचार होता. या मार्गाने दडलेला दोष उघडा पडेल, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

शनिवारी संध्याकाळी, वाचनालय चालू असतानाच, रंगीत तालीम केली. डम्प नेहमी नव्या आवृत्तीच्या पीजी_डम्पने काढावा. सोळाव्या आवृत्तीचा पीजी_डम्प जुन्या सर्व्हरला जोडता येतो आणि नव्या सर्व्हरला समजेल असेच लिहितो. डेटाबेस वापरणाऱ्यांची खाती व त्यांचे परवलीचे शब्द डेटाबेसच्या डम्पमध्ये येत नाहीत. ते पीजी_डम्पऑलच्या ‘ग्लोबल्स’ पर्यायाने वेगळे घ्यावे लागतात. ‘डिरेक्टरी’ स्वरूपात चार समांतर कामे लावून डम्प अकरा मिनिटांत निघाला. रीस्टोअर मात्र शेवटी चार चुका दुर्लक्षिल्याची सूचना देऊन थांबले.

पीजी_रीस्टोअर एखादे विधान फसले तरी पुढे जाते आणि अखेरीस फक्त चुकांची संख्या सांगते. ती ओळ पाहून ‘चारच आहेत’ म्हणून पुढे जाऊ नये. लॉग फाइलमध्ये साठवून पहिल्या चुकीपासून वाचावा. पहिली चूक अशी होती की पुस्तकांच्या दाखल क्रमांकावरचा युनिक इंडेक्स (एक क्रमांक एकदाच येऊ देणारी शोधसूची) बांधता येत नाही, कारण काही क्रमांक दोनदा आले आहेत. उरलेल्या तीन चुका तिच्याच पोटातल्या होत्या. ज्या स्तंभावर युनिक निर्बंधच उभा राहिला नाही, त्याच्याकडे दुसऱ्या सारण्यांतून बोट दाखवणाऱ्या फॉरेन की कशा उभ्या राहतील?

जुन्या डेटाबेसवर तोच युनिक इंडेक्स होता आणि तो वर्षानुवर्षे बिनतक्रार चालू होता. मग एकाच क्रमांकाची दोन पुस्तके शिरली कशी, हा प्रश्न ग्रंथपाल मॅडमनी मला विचारला, आणि तोच खरा प्रश्न होता. उत्तर जुन्या यंत्राच्या ‘डिस्ट-अपग्रेड’ लॉगमध्ये मिळाले. क्लस्टर २०१९ मध्ये उबुंटू १८.०४ वर उभारला होता. पुढे कोणीतरी त्याच यंत्रावर ऑपरेटिंग सिस्टीम २०.०४ वर नेली, पण पोस्टग्रेस दहाव्याच आवृत्तीवर ठेवले. १८.०४ मध्ये जीलिबसी या मूलभूत लायब्ररीची २.२७ ही आवृत्ती होती आणि २०.०४ मध्ये २.३१. या दोहोंच्या मध्ये २०१८ साली आलेल्या २.२८ आवृत्तीने अक्षरक्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. पोस्टग्रेस मजकुराचा क्रम लावण्यासाठी याच लायब्ररीवर विसंबून असते.

याचा अर्थ ग्रंथालयाच्याच भाषेत सांगता येतो. कार्डांचा कपाट-कॅटलॉग एका नियमाने लावलेला आहे, आणि एके दिवशी नियम बदलला, पण कार्डे मात्र जागची हलवली नाहीत. आता शोधणारा नव्या नियमाप्रमाणे ज्या खणात कार्ड असायला हवे तो खण उघडतो, तिथे ते नसते, आणि तो सांगतो की असे पुस्तक आपल्याकडे नाही. बी-ट्री या नेहमीच्या प्रकारच्या इंडेक्सचे नेमके तसेच झाले. नवा दाखल क्रमांक घालताना डेटाबेसने ‘हा आधी आहे का’ म्हणून चुकीच्या पानावर पाहिले, तो तिथे सापडला नाही, आणि दुसरी नोंद स्वीकारली गेली. या वाचनालयात दाखल क्रमांकांत आडव्या रेघा आहेत, आणि रेघांच्या क्रमातला बदल हा या फेरबदलातील सर्वांत ठळक बदलांपैकी एक होता. ‘१-१’ आणि ‘११’ या दोन ओळी इंग्रजी अंकांत लिहून इंग्रजी-अमेरिकी लोकेलखाली (भाषा-प्रदेशाच्या नियमांखाली) सॉर्ट आज्ञेला दिल्या, तर जुनी लायब्ररी आधी ‘११’ दाखवते आणि नवी आधी ‘१-१’. आपले यंत्र कोणत्या बाजूला आहे हे पाहण्याची ही सर्वांत सोपी कसोटी आहे. दहाव्या आवृत्तीपासून मिळणाऱ्या अॅमचेक या विस्ताराने जुन्या इंडेक्सची तपासणी केली, तेव्हा त्यानेही क्रमभंग झाल्याचे सांगितले.

पीजी_अपग्रेडने हा इंडेक्स फाइलींसकट जसाच्या तसा नव्या आवृत्तीत नेला असता आणि तपासणीच्या टप्प्यावरही काही बोलले नसते, कारण इंडेक्सच्या आतला क्रम पाहणे हे त्याचे कामच नाही. म्हणून ज्यांनी कधीही १८.०४ किंवा त्याआधीच्या उबुंटूवरून, अथवा डेबियन ९ वरून, विदेच्या फाइली तशाच ठेवून पुढे उडी घेतली असेल, त्यांनी मजकुराच्या स्तंभांवरील सर्व इंडेक्स अॅमचेकने तपासावेत आणि रीइंडेक्स करावेत, म्हणजे नव्याने बांधावेत, असे मी आग्रहाने सांगेन. पंधराव्या आवृत्तीपासून पोस्टग्रेस प्रत्येक डेटाबेसच्या क्रमनियमांची आवृत्ती नोंदवून ठेवते आणि ती बदलली तर जोडणी करताच इशारा देते. दहाव्या आवृत्तीत ही सोय नव्हती.

एकूण २३ दाखल क्रमांक दुहेरी निघाले. रविवारी मॅडम आणि त्यांचे एक सहकारी दाखल नोंदवही घेऊन कपाटांपाशी उभे राहिले आणि प्रत्येक पुस्तक हातात घेऊन खरा क्रमांक ठरवत गेले. हे काम मी यंत्रावर बसून करू शकलो नसतो. कोणती नोंद खरी, हे ज्यांचे पुस्तक आहे त्यांनीच ठरवायला हवे. त्यांच्या निर्णयांप्रमाणे मी दुरुस्तीची विधाने एका फाइलीत लिहिली. जुन्या यंत्राला हात लावला नाही.

सोमवारी देवघेवीचा प्रोग्राम बंद करून नवा डम्प काढला आणि रीस्टोअर तीन टप्प्यांत केले: आधी सारण्यांचे आराखडे, मग विदा, आणि त्यावर माझी दुरुस्तीची फाइल चालवून सर्वांत शेवटी इंडेक्स व निर्बंध. पीजी_रीस्टोअरच्या ‘सेक्शन’ पर्यायाने हे टप्पे वेगळे करता येतात. या खेपेला एकही चूक आली नाही.

नवा डेटाबेस उभारतानाच मी आयसीयू हा क्रमदाता (अक्षरक्रम लावणारी वेगळी लायब्ररी) आणि मराठीचे ‘एमआर-आयएन’ लोकेल निवडले. पंधराव्या आवृत्तीपासून हे संपूर्ण डेटाबेससाठी करता येते, मात्र साचा म्हणून ‘टेम्प्लेट०’ द्यावा लागतो. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे बसवलेला आहे, तर आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. त्यामुळे संकेतांकाच्या क्रमाने लावले तर ‘काल, काळ, काव्य’ असे येते आणि मराठी क्रमाने ‘काल, काव्य, काळ’. हे तीन शब्द घालून मी मॅडमना पडद्यावर क्रम दाखवला. “छापील यादीत असंच असतं,” एवढेच त्या म्हणाल्या. शीर्षकांच्या यादीसाठी हे काम करायलाच हवे, असे माझे मत आहे. आयसीयूचीही आवृत्ती बदलते आणि तेव्हाही रीइंडेक्स लागते, हे मात्र त्यांच्या नोंदवहीत लिहून ठेवले.

सेटिंगची जुनी पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ फाइल उचलून नव्या जागी ठेवू नये. ‘वॉल_कीप_सेगमेंट्स’ तेराव्या आवृत्तीत गेले, ‘स्टॅट्स_टेम्प_डिरेक्टरी’ पंधराव्यात गेले, आणि अनोळखी नाव दिसले की सर्व्हर सुरूच होत नाही. मी मूळ फाइल तशीच ठेवून आपल्या नोंदी ‘कॉन्फ.डी’ फोल्डरमधील एका छोट्या फाइलीत लिहिल्या. आकडे पीजीट्यून या साधनाने सुचवलेल्या आकड्यांवरून घेतले: शेअर्ड बफर्स ४ जीबी, इफेक्टिव्ह कॅश साइज १२ जीबी, आणि एसएसडी असल्यामुळे रँडम पेज कॉस्ट १.१. ही साधने मेमरी आणि डिस्कचा प्रकार पाहून सुरुवातीचे आकडे देतात. आपल्या प्रश्नांचे स्वरूप त्यांना ठाऊक नसते. विशेषतः वर्क_मेम वाढवताना हात आखडता ठेवावा, कारण ती मेमरी जोडणीमागे एकदाच नव्हे, तर प्रत्येक क्रमवारीसाठी वेगळी लागू शकते. फाइल लिहिल्यावर सर्व्हर पुन्हा सुरू करण्याआधी पीजी_फाइल_सेटिंग्ज या दृश्यात चूक दिसते का, ते पाहावे.

एक अडथळा अगदी शेवटी आला. देवघेवीचा प्रोग्राम जावातील असून त्याचा ड्रायव्हर जुना होता. चौदाव्या आवृत्तीपासून परवलीचे शब्द स्क्रॅम पद्धतीने साठवले जातात आणि कोणाला कसे जोडू द्यायचे ते ठरवणाऱ्या पीजी_एचबीए फाइलीतही तीच पद्धत लिहिलेली येते, तर जुन्या क्लस्टरमधून आलेले परवलीचे शब्द एमडी५ या जुन्या पद्धतीत होते. म्हणून जोडणी नाकारली गेली. ४२.२.० पासूनच्या ड्रायव्हरला स्क्रॅम समजते. तो बदलला, परवलीचा शब्द नव्याने घातला आणि काम झाले. ड्रायव्हर बदलता येत नसेल, तर तेवढ्या एका ओळीपुरते एमडी५ ठेवावे लागेल. पण ‘ट्रस्ट’, म्हणजे परवलीचा शब्द न विचारताच आत घेणे, लिहून मोकळे होऊ नये.

रीस्टोअरनंतर व्हॅक्यूमडीबी टप्प्याटप्प्याच्या अॅनालाइझसह चालवायचे विसरू नये, नाहीतर आकडेवारीअभावी पहिल्या दिवशी साधा शोधही रेंगाळतो आणि दोष नव्या आवृत्तीला लागतो.

मंगळवारी सकाळी वाचनालय उघडून पहिली दहा-बारा पुस्तके दिली-घेतली जाईपर्यंत मी थांबलो. जुन्या यंत्राची नेटवर्क केबल काढून त्यावर तारीख लिहिलेली चिठ्ठी लावली आणि मार्चअखेरपर्यंत ते पुसू नये, असे कार्यवाहांना सांगितले. पहिले पुस्तक नव्या यंत्रावर नोंदले गेले त्या क्षणापासून जुन्याकडे परतणे म्हणजे त्यानंतरच्या नोंदी गमावणे आहे. म्हणून पहिले चार दिवस देवघेव कागदावरही लिहून ठेवावी, असे ठरले आणि मॅडमनी त्यासाठी जुनी नोंदवही टेबलावर काढून ठेवली.